पप्पांवर लिहायला काहीच नाही, असं कसं म्हणतेस?

या वेळचं पत्र वसईहून आलंय. मोठं होतं, थोडं कापून देतेय, घरातली नावं काढलीयत.

"ताई, माझे पप्पा मागच्या महिन्यात गेले. 81 वर्षांचे होते. आमची वाडी आहे, म्हणजे आता वाडीतला जेवढा तुकडा उरलाय तेवढी. पुढच्या शनिवारी महिन्याची मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे आणि घरच्यांनी ठरवलंय की मिस्सेत पप्पांबद्दल मी बोलायचं, आणि नंतर एक छोटी पुस्तिका पण काढायची, कारण काय तर मी शाळेत मराठी शिकवते. तीन दिवस झाले बसतेय. दरवेळी तेच येतं, मनमिळाऊ, कष्टाळू, देवभीरू, कुटुंबवत्सल. खोडते, परत तेच. खरं सांगू का, त्यांच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही. वाडी, चर्च, घर. कुठल्या कमिटीवर नव्हते, कधी वेदीजवळ वाचायला उभे राहिले नाहीत, शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचे. वेलंकणीची यात्रा सोडली तर कुठे फिरायला गेले नाहीत.

त्यात दोन गोष्टी घशात अडकल्यात. आम्ही लहान असताना पप्पा जमीन वाचवायच्या मोर्च्यांना जायचे, आणि 1998 ला त्यांनीच पाच गुंठे विकले, आईच्या ऑपरेशनसाठी. तिथे आज चार मजली बिल्डिंग उभी आहे. दादा म्हणतो हा विषय काढायचाच नाही. दुसरं म्हणजे मी गेली दहा-बारा वर्षं मिस्सेला जात नाही. पप्पांना माहीत होतं, कधी बोलले नाहीत. आता मी कोणत्या तोंडाने चर्चमध्ये उभी राहून त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलू?

शेवटच्या चार-पाच दिवसांत ते सारखं काहीतरी पुटपुटायचे, 'ओराप्रनोबी' असं काहीतरी. आम्हाला वाटलं पाणी मागतायत, आई चमच्याने पाणी द्यायची. तेवढंच डोक्यात फिरत राहतं. – वाडीतली धाकटी"

अगं धाकटे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या ओळीवर थांबले, तेव्हा तिथूनच सुरू करते.

ते पाणी मागत नव्हते. ओरा प्रो नोबिस. लॅटिन आहे, अर्थ "आमच्यासाठी विनंती कर". तुझे पप्पा 81 चे म्हणजे कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, 1962 ते 65, तेव्हा ते अठरा-वीस वर्षांचे. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. त्याआधीचं त्यांचं सगळं लहानपण लॅटिन मिस्सेत गेलं, फादर वेदीकडून लोकांकडे वळून म्हणायचे "दोमिनुस वोबिस्कुम" आणि उत्तर यायचं "एत कुम स्पिरितू तुओ", अर्थ कोणाला कळायचा नाही पण चाल पाठ. विचार कर जरा, घरात आपली कादोडी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, चर्चमध्ये लॅटिन आणि दादरच्या बाजारात भाव करायला मोडकंतोडकं हिंदी-गुजराती. चौथी शिकलेला माणूस आणि रोजच्या चार-पाच भाषा, आणि आपण म्हणतो शिकला नाही.

तर ओरा प्रो नोबिस हे लितानीतलं. संध्याकाळी घरात रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना व्हायची आणि शेवटी मरियामातेची लितानी. एकजण पुढे नाव घेणार, सांक्ता मारिया, सांक्ता देई जेनित्रिक्स, अशी ओळीने पन्नासच्या आसपास नावं, आणि प्रत्येक नावानंतर बाकी सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं ओरा प्रो नोबिस. लहान मुलं तिसाव्या नावाला पेंगायची आणि झोपेत पण ओरा प्रो नोबिस बरोबर जागेवर यायचं. आमच्या घरी पुढचं आजी म्हणायची. तुमच्याकडे कोण म्हणायचं ते आईला विचार. कारण बघ, तुझे पप्पा नावं घेत नव्हते, मागचं म्हणत होते. पुढचा आवाज त्यांच्या डोक्यात कोणाचा तरी चालू असणार, त्यांच्या आईचा असेल, मला काय माहीत, आणि ते आपल्या जागेवर साथ देत होते. शेवटच्या बाकावरच्या माणसाचं काम.

आईला हे सांग मात्र. आजच सांग, फोनवर नको, समोर बसून. तिच्याही डोक्यात तो चमचा फिरत असणार. तिला बहुतेक लितानीतली निम्मी नावं अजून येत असतील.

(आता हे वाचून लगेच "पप्पा म्हणजे साथ" असं पहिलं वाक्य लिहायला घेऊ नकोस, मी मराठीच्या बाईंना ओळखते.)

मनमिळाऊ-कष्टाळूचं म्हणशील तर हा आजार मला पण झालेला. आमचा थोरला मामा गेला तेव्हा मी अशीच दोन पानं लिहिली होती, सुंदर अक्षरात, "काबाडकष्ट", "काळ्या आईची सेवा", "प्रभूचा निष्ठावंत सेवक", सगळं होतं त्यात. वाचून खाली आले तर शेजारची लाल लुगड्यातली म्हातारी जवळ येऊन माझा हात धरून म्हणाली, छान लिवलंस गो, पण कोणाचं होतं? तिने टोमणा मारला नव्हता बरं का, तिला खरंच कळलं नव्हतं. आणि मग जेवणाच्या पंगतीत तिने जे सांगितलं ते माझ्या दोन पानांत कुठेच नव्हतं. मामा सुकेळी करायचा. राजेळी केळी पिकली की सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून झाकायची, सकाळी परत मांडायची, असं चांगले सात-आठ दिवस, मग रंग मधासारखा झाला की वाळक्या सोपटात गुंडाळून पुड्या बांधायच्या. हे तर मला माहीतच होतं, मी स्वतः कावळे हाकलत बसलेली. पण म्हातारी म्हणाली, बांधताना तो दर पुडीत एक केळं जास्त घालायचा, आणि मामी ओरडली की म्हणायचा, वाटेत कोणीतरी पोर मागणारच, गिऱ्हाइकाला कमी नको पडायला. बस. एवढं एक वाक्य मी वाचलं असतं तर सगळं चर्च हसलं असतं आणि अर्धं रडलं असतं, आणि मला "दानशूर" हा शब्द वापरावा लागला नसता.

तू म्हणतेस रोज तेच ते, लिहिण्यासारखं घडलं नाही. शेतकऱ्याचं आयुष्य "घडत" नाहीच गं, ते परत परत होतं. पहाटे उठून शिंपणं काढायचं, पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायचं, केळीचे पिल काढायचे, घड उतरवायचा, पहिली गाडी गाठायची. यात गोष्ट शोधायला जाशील तर हाताला काही लागणार नाही. त्यापेक्षा मोजून बघ. साधा हिशेब कर, किती वर्षं ते पहिल्या लोकलने माल घेऊन दादरला जात होते, आठवड्यातून किती वेळा. समजा 25 वर्षं, आठवड्याला तीन खेपा, तर 3,900 वेळा तो माणूस काळोखात घराबाहेर पडलाय. आणि 3,900 वेळा दाराची कडी आवाज न करता लावलीय कारण आत तुम्ही झोपलेले होतात. तुमचा आकडा वेगळा असेल, आईला विचार, पण आकडा लिही. "अपार कष्ट" याने कोणाला काही दिसत नाही.

चर्चचं पण तसंच. तू लिहिलंस कमिटीवर नव्हते, वाचायला उभे राहिले नाहीत. मग काय करत होते ते? कारण वसईच्या गावात वाडीवाल्याला चर्च कधी मोकळं सोडत नाही, हे मी छातीठोक सांगते. सणाच्या मांडवाला केळीचे खांब कोणाच्या वाडीतून यायचे? मे महिन्यात आळीतल्या क्रुसाला चुना कोण लावायचं? वेदीवरची फुलं? कोणाची मयत झाली की खड्डा खणायला पहाटे कोण कुदळ घेऊन जायचं? भाताची नवी कणसं आशीर्वादाला कोण घेऊन जायचं? यातलं एक तरी तुझ्या घराच्या नावावर निघणारच, निघालं नाही तर मला परत पत्र लिही.

झावळ्यांचं तर नक्की विचार. झावळ्यांच्या रविवारी जी कोवळी झावळी सगळ्यांच्या हातात असते ती झाडावर चढून कोणीतरी काढलेली असते ना. ती आपण घरी आणतो, क्रुसाच्या फोटोमागे खोचतो, वर्षभर ती तिथे पिवळी पडत राहते. मग पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारच्या आधी चर्च त्या जुन्या झावळ्या परत मागवून घेतं, जाळतं, आणि तीच राख फादर कपाळाला लावतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळशील असं म्हणून. म्हणजे बघ, जर तुमच्या माडांच्या झावळ्या जात असतील तर तुझ्या पप्पांनी चढून काढलेलं पान वर्षभराने अख्ख्या गावाच्या कपाळावर आलंय. ते शेवटच्या बाकावरून उठून रांगेत शेवटी यायचे आणि स्वतःच्याच झाडाची राख लावून घ्यायचे. आणि माती आहेस हे त्यांना वेगळं सांगायची काय गरज, त्यांच्या नखांत होतीच.

मला हे लिहिताना संत इसिदोर आठवला. शेतकऱ्यांचा संत, 15 मे ला त्याचा सण. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर नांगर धरणारा गडी, बाराव्या शतकातला. 12 मार्च 1622 ला रोममध्ये त्याला संतपद दिलं, त्याच दिवशी कोणाकोणाला दिलं माहितीय? फ्रान्सिस झेवियर, लोयोलाचा इग्नेशियस, आविलाची तेरेसा, फिलिप नेरी. म्हणजे जग फिरलेले, संघ काढलेले, ग्रंथ लिहिलेले लोक, आणि त्यांच्या रांगेत हा एक, ज्याने नांगरण्यापलीकडे काही केलं नाही. त्याची गोष्ट सांगतात ती तुला पण लहानपणी ऐकवली असेल, की बाकीच्या गड्यांनी चुगली केली, हा सकाळी मिस्सेला जातो आणि कामाला उशिरा येतो, मालक बघायला आला तर याच्या बाजूला देवदूत नांगर धरून उभे. आमच्या वाडीत कधी देवदूत आले नाहीत हे मी सांगू शकते. मामा मिस्सेला गेला की शिंपणं आम्हा पोरांच्या गळ्यात पडायचं.

अजून एक, पुस्तिकेची सुरुवात पोर्तुगीजांपासून करू नकोस. हसू नकोस, माझ्याकडे अशा आठवण-पुस्तिकांचा अख्खा डबा आहे आणि त्यातल्या अर्ध्या 1534 ला सुरू होतात, मग 1739 ला चिमाजी आप्पा येतात, मग हिरवीगार वसई, पानवेली, बावखलं, आणि बाप येतो तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात. तुझ्या वाचणाऱ्यांना वसईचा इतिहास माहीत आहे. त्यांना तुझा बाप पाहिजे, पहिल्या ओळीत, काहीतरी करताना.

इतिहास आणायचाच असेल तर तो वाडीतूनच येऊ दे. यासाठी एक काम सांगते, थोडं धावपळीचं आहे पण कर. तलाठ्याकडून जमिनीचे जुने सातबारे काढ. सातबारा आपण मालकीसाठीच बघतो, पण त्यातला बारा म्हणजे पिकांची नोंद, कोणत्या वर्षी काय लावलं होतं ते. (जुन्या कागदावर जिल्हा ठाणे असेल, गोंधळू नकोस, पालघर 1 ऑगस्ट 2014 ला झाला.) पन्नास वर्षांचे एकाखाली एक ठेवून वाच. तू म्हणतेस तुमची आधी पानवेल होती, मग केळी, मग भाजी, मग मोगरा. ही पिकांची यादी म्हणून वाचू नकोस, प्रत्येक बदलामागे एक रात्र असणार जेव्हा आई-पप्पा ओटीवर बसून बोलले असणार की आता हे परवडत नाही, दुसरं काय लावू. पानवेल का गेली? आमच्या बाजूला तरी टँकरवाल्यांनी उपसा करून करून विहिरींना खारं पाणी लागलं तेव्हापासून वेल धरेना. आणि शेवटच्या काही ओळींत बहुतेक "पड" लिहिलेलं असेल. तो शब्द पण लिही. पंचाहत्तरीनंतर गुडघ्यांनी पप्पांना वाडीत उतरू दिलं नसेल आणि तलाठ्याने दोन अक्षरी शब्दात ते नोंदवून ठेवलंय.

आता सातबाऱ्यावरून पाच गुंठ्यांवर येऊ, कारण त्याची पण फेरफारात नोंद आहेच, दादा बोलू दे किंवा नको बोलू दे.

दादाचं मी समजू शकते. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला जे लोक फादर दिब्रिटोंच्या मागे हरित वसईच्या मोर्च्यांत चालले, बिल्डरच्या आणि टँकरच्या विरोधात, त्यांच्या घरात जमीन विकणं म्हणजे नुसता व्यवहार नव्हता, ती लाज होती. मी अशी घरं बघितलीयत जिथे विकलेल्या तुकड्याकडची खिडकी पुढची वीस वर्षं उघडली नाही. पण तू मला सांग, बिल्डिंग चार मजली आहे ना? मग ती चर्चला येणाऱ्या प्रत्येकाला दिसतेच. तुम्ही नाही बोललात म्हणून कोणी विसरणार नाहीये. बाकावर बसलेले मोर्च्याबद्दल ऐकतील आणि मनात म्हणतील, हो हो, आणि मग विकली ती? उलट लिहिलंस तर तिथेच थांबेल ते.

माझं मत विचारतेस तर लिहावं. पण तीन वाक्यांत, आणि सफाई न देता. मोर्च्याला जायचे. 1998 मध्ये पाच गुंठे विकले. त्या पैशातून आईचं ऑपरेशन झालं, आई आज पहिल्या बाकावर बसलीय. त्यापुढे "त्यांना किती यातना झाल्या असतील" वगैरे काही नको, ज्याला कळायचं त्याला कळेल. आणि ते मिस्सेत वाचू नकोस, पुस्तिकेत घाल. मिस्सेत माणूस अडकलेला असतो, उठून जाता येत नाही, आणि दादा तिथे तुझ्या समोर बसलेला असणार.

पण त्याआधी आईला विचार. दादाला नंतर. ऑपरेशन तिचं होतं, ती नको म्हणाली तर नको, तिथे माझं मत पण कचऱ्यात टाक. फक्त मला उगाच वाटतंय की ती नको म्हणणार नाही. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं आपल्यामुळे जमीन गेली हे मनात घेऊन ती बाई त्या बिल्डिंगवरून चर्चला जातेय. कोणीतरी तिला सरळ विचारलं तर बरंच वाटेल कदाचित. आणि दादाला ओरडून नको, लिहिलेली तीन वाक्यं त्याच्या हातात दे आणि वाचू दे. "जमिनीचा विषय" म्हटलं की माणूस अंगावर येतो, तीन वाक्यं वाचून फारसं कोणी येत नाही.

तुझ्या मिस्सेला न जाण्याबद्दल मी फार लांबड लावणार नाही. तू तिथे तुझ्या श्रद्धेबद्दल बोलायला उभी राहत नाहीयेस, बघितलेलं सांगायला उभी राहतेयस. जे बघितलं ते सांग. पप्पा झोपायच्या आधी पलंगाच्या कडेला बसून पायाची माती झटकून क्रूस करायचे, हे तू बघितलंस तर सांग, त्यासाठी तुझा विश्वास असायला लागत नाही. जे तुला वाटत नाही ते लिहू नकोस. "आज ते प्रभूच्या कुशीत विसावले आहेत" हे वाक्य तुझ्या तोंडात खोटं वाटेल आणि लहान पोराला पण कळेल. त्याऐवजी "पप्पांना खात्री होती की" असं सुरू कर, त्यांची खात्री त्यांच्या नावावर राहू दे. आणि हो, त्यांना माहीत होतं आणि ते बोलले नाहीत, हे मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोठं वाक्य वाटलं, तू ते गुन्ह्यासारखं लिहिलंयस. दहा-बारा वर्षं दर रविवारी चर्चला निघताना त्यांनी तुला हाक मारली नाही. राग असेल, समजून घेतलं असेल, घाबरत असतील की बोललो तर घरी यायची पण बंद होईल. आपल्याला कळणार नाही आता. पण एवढं बघ, ज्या माणसाने तुला कधी जबरदस्तीने नेलं नाही त्याच्यासाठी तू त्या दिवशी स्वतःहून जाणार आहेस. हे बोलायचं नाहीये कुठे. तुझ्याजवळ ठेव.

बाकी प्रॅक्टिकल गोष्टी पटापट. फादरांना आधी भेट, आयत्या वेळी नको. मिस्सेतलं प्रवचन हे मृताच्या गुणगानासाठी नसतं, अंत्यविधीच्या मिस्सेचा तर तसा स्पष्ट नियमच आहे, घरच्यांनी बोलायचं ते ख्रिस्तप्रसादानंतर, थोडक्यात. महिन्याच्या मिस्सेला फादर कुठे बोलायला देतात ते त्यांनाच विचार. तीन मिनिटं धर, म्हणजे साडेतीनशे शब्द, एका पानाच्या वर जाऊ नकोस. मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, मोबाइलवरून वाचू नकोस, डोळे भरले की स्क्रीन दिसत नाही आणि त्यात कोणाचा तरी व्हॉट्सअ‍ॅप येतो. धाकट्या भाच्याला एक कॉपी देऊन ठेव, तुला नाही जमलं तर तो पुढे वाचेल.

पुस्तिका शनिवारपर्यंत करायच्या फंदात पडू नकोस. एवढ्यात होईल ती मनमिळाऊ-कष्टाळूच होईल. 2 नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो, सगळे फुलं-मेणबत्त्या घेऊन कबरींवर येतात, तेव्हा दे वाटायला, नाहीतर वर्षाच्या मिस्सेला दे. तोपर्यंत लोकांना फोन कर. नातेवाइकांना कमी कर, ते सगळे "देवमाणूस" एवढंच सांगतात. दादरला जो व्यापारी माल घ्यायचा तो किंवा त्याचा मुलगा सापडतो का बघ. वाडीत कामाला येणाऱ्या बाया. पंपाचा मेकॅनिक. यांनी पप्पांना चिडलेलं बघितलंय, ते घरच्यांपेक्षा जास्त सांगतील. आणि पप्पांचं ते कादोडीतलं वाक्य तू पत्रात लिहिलंयस ना, केळीचा घड उतरवताना म्हणायचे ते, मी इथे देत नाही, तुमच्या घरचं आहे, पण पुस्तिकेत जसंच्या तसं छाप. शुद्ध मराठीत करू नकोस. शाळेची सवय असते हाताला, मला माहितीय.

फोटो 11 च आहेत म्हणतेस, पुष्कळ झाले. दादाच्या लग्नातला सूटमधला मुखपृष्ठावर टाकू नकोस, त्यात ते कोणाचे तरी काका दिसतायत. पाठमोरा वाडीतला आहे म्हणालीस तो चालेल. चेहरा दिसत नाही म्हणून घरात भांडण होईल, होऊ दे.

आणि शेवटचं, छापायच्या आधी जन्मतारीख तपास. आधार कार्डावर 1 जून आहे ना? असणारच. त्या पिढीतल्या निम्म्या माणसांचा जन्म मास्तरांनी शाळेत नाव घालताना 1 जूनला करून टाकलाय. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये खरी तारीख मिळेल, शेजारी धर्ममातापित्यांची नावं पण असतील, ती पण उतरवून घे. ऑफिस रविवारी मिस्सेनंतर थोडा वेळ उघडं असतं, आधी फोन करून जा, आणि जुनी पानं फार जपून उलटावी लागतात, ओले हात नकोत.

– तुझी ताई